वाकलेली पिन आणि रिकामं होऊ घातलेलं स्थानक

११ ऑक्टोबर २०१८ रोजी दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावरून दोन माणसं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघाली. सहा तासांत पोहोचायचं होतं. प्रत्यक्षात वीस मिनिटांच्या आत ती कझाकस्तानच्याच माळरानावर उतरली, सुखरूप. यान होतं सोयूझ एमएस-१०.

हे प्रकरण बहुतेक वेळा 'थरारक सुटका' म्हणून सांगितलं जातं, आणि सुटका थरारक होतीच. मला मात्र त्यापुढचे ५३ दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. सुटकेचा निर्णय यंत्राने घेतला आणि त्याला फार वेळ लागला नाही. पुढचे निर्णय माणसांना घ्यायचे होते, तेही कॅलेंडरकडे एक डोळा ठेवून. रॉकेटची जुळणी करणाऱ्या तंत्रज्ञांची ओळख या लेखात कुठेही नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

पार्श्वभूमी

जुलै २०११ मध्ये अमेरिकेचं शेवटचं स्पेस शटल उतरलं. तेव्हापासून स्थानकापर्यंत माणूस नेणारी एकच गाडी उरली होती, रशियाचं सोयूझ. अमेरिकी, युरोपीय, जपानी, कॅनडाचे, सगळेच अंतराळवीर बैकोनूरला जाऊन सोयूझमध्ये बसत. स्पेसएक्स आणि बोइंगची नवी यानं तयार होत होती, पण ऑक्टोबर २०१८ पर्यंत त्यांनी माणूस सोडाच, आपलं रिकामं प्रवासी यानही स्थानकाकडे पाठवलेलं नव्हतं.

सोयूझ हे यानाचं नाव आणि ते वाहून नेणाऱ्या रॉकेटचंही. रॉकेटचा तो प्रकार सोयूझ-एफजी. २००१ पासून तो उडत होता आणि एकदाही फसला नव्हता. मूळ सांगाडा त्याहून कितीतरी जुना, १९५७ मध्ये स्पुटनिक नेणाऱ्या आर-७ रॉकेटचा. मधोमध एक लांब टप्पा आणि त्याला चारी बाजूंनी बिलगलेले, वर निमुळते होत गेलेले चार बूस्टर. रशियन लोक त्या बूस्टरना गाजरं म्हणतात.

स्थानकावर त्या दिवशी तिघंच होते: जर्मनीचे अलेक्झांडर गर्स्ट, अमेरिकेच्या सेरेना ऑन्यॉन-चॅन्सलर आणि रशियाचे सर्गेई प्रोकोपयेव्ह. आधीचे तिघे आठवड्यापूर्वी, ४ ऑक्टोबरला परतले होते. उरलेले तिघे ६ जूनला सोयूझ एमएस-०९ मधून वर गेले होते आणि तेच यान स्थानकाला जोडलेलं होतं. परतीची गाडी तीच आणि आणीबाणीतली होडीही तीच.

या होडीला ऑगस्टच्या अखेरीस एक भोकही सापडलं होतं. साधारण दोन मिलिमीटरचं, यानाच्या पुढच्या गोल भागात. स्थानकातला हवेचा दाब हळूहळू घसरताना दिसला तेव्हा शोधाशोध झाली आणि चिकटद्रव्य लावून ते बुजवलं गेलं. परतताना हा गोल भाग वाटेतच सोडून दिला जातो, माणसं बसलेली कुपी वेगळी होऊन खाली येते. त्यामुळे उतरण्याला धोका नव्हता. तरीही, जिच्यावर सगळी भिस्त तिलाच ठिगळ लागलेलं असणं कुणाला सुखाचं नसतं.

एमएस-१० मध्ये बसले होते रशियाचे अलेक्सेई ओव्हचिनिन आणि अमेरिकेचे निक हेग. ओव्हचिनिन यांची ही दुसरी खेप, हेग यांची पहिली. तिसरी खुर्ची रिकामी होती.

काय बिघडलं

बूस्टर वेगळे होण्याची सोयूझची रीत समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रत्येक बूस्टरच्या टोकाला एक गोळा असतो आणि तो मधल्या टप्प्यावरच्या खोबणीत बसतो. शाळेत शिकलेला उखळीचा सांधा आठवा, खांद्याचा किंवा खुब्याचा. बूस्टरचा सगळा रेटा या सांध्यातून मधल्या टप्प्याला मिळतो. खालच्या बाजूला बूस्टर पट्ट्यांनी बांधलेले असतात. उड्डाणानंतर दोन मिनिटं व्हायच्या जरा आधी त्यांचं इंधन संपत येतं. तेव्हा खालचे बंध तोडले जातात, उरल्यासुरल्या रेट्याने बूस्टरचा खालचा भाग बाहेर फाकतो आणि वरचा गोळा खोबणीतून निसटतो.

मेख इथेच आहे. बूस्टर खालून फाकला तरी त्याचं नाक मधल्या टप्प्याला लागूनच असतं. ते बाजूला ढकलायला वेगळा धक्का लागतो. गोळा खोबणीतून सुटला की तिथली एक छोटी संपर्क-पिन मोकळी होते, तिच्यामुळे विजेचा संकेत जातो आणि बूस्टरच्या वरच्या टोकाला, द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीवर असलेलं झाकण उघडतं. टाकीत दाबाखाली असलेला वायू त्यातून भसकन बाहेर पडतो आणि नाक विरुद्ध दिशेला फेकलं जातं. चारही बूस्टर एकाच वेळी असे उलगडले की जमिनीवरून आकाशात चार पाकळ्यांची आकृती दिसते. आर-७ रॉकेटचे जनक सर्गेई कोरोल्येव यांच्या नावावरून तिला 'कोरोल्येवचा क्रॉस' म्हणतात. वेगळं इंजिन नाही, स्प्रिंग नाही, टाकीत उरलेला वायूच कामाला लावला. मला ही रचना आजही देखणी वाटते.

११ ऑक्टोबरला तीन झाकणं उघडली. चौथं, म्हणजे रशियन वर्णमालेतल्या 'द' या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या बूस्टरचं, उघडलं नाही. त्याचं नाक बाजूला गेलंच नाही. ते मधल्या टप्प्यावर, इंधनटाकीच्या भागात आदळलं. टाकी फुटली आणि रॉकेट भरकटलं. उड्डाणाला तेव्हा जेमतेम दोन मिनिटं झाली होती, उंची सुमारे ५० किलोमीटर.

झाकण न उघडण्याचं कारण पुढे चौकशीत निघालं. संपर्क-पिन वाकलेली होती, ६ अंश ४५ मिनिटांनी. ती वाकली होती बैकोनूरमध्येच, बूस्टर मधल्या टप्प्याला जोडताना.

पहिला निर्णय, माणसाविना

सोयूझच्या टोकावर एक सुटका मनोरा असतो. उड्डाण फसलं तर त्यातली घन इंधनाची मोटर यानाला रॉकेटपासून उपसून दूर नेते. हा मनोरा जड असतो, म्हणून गरज संपताच तो सोडून देतात. एमएस-१० मध्ये तो बूस्टर सुटण्याच्या काही सेकंद आधीच टाकून दिला गेला होता. म्हणजे अपघात झाला तेव्हा मनोरा नव्हता.

इथे अनेकांचा गैरसमज होतो की अंतराळवीर नशिबाने वाचले. नशिबाचा वाटा असेलही, पण आराखडा करणाऱ्यांनी ही फट आधीच बुजवली होती. यानाभोवतीच्या कवचावर आणखी चार छोट्या मोटरी असतात. मनोरा गेल्यापासून कवच टाकेपर्यंतच्या मधल्या काळासाठीच त्या आहेत. रॉकेट ठरलेल्या दिशेपासून ढळल्याचं यंत्रणेने ओळखलं आणि या मोटरींनी कवचासकट यानाला बाजूला खेचलं. कुणी बटण दाबलं नाही.

हे काम यंत्राकडे का असावं, याचं उत्तर १९८३ मध्ये मिळतं. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री याच बैकोनूरवर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या सोयूझ रॉकेटला खालून आग लागली. सुटकेची आज्ञा तेव्हा जमिनीवरून द्यायची होती, तीही दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या दोन माणसांनी पाच सेकंदांच्या आत आपापलं बटण दाबून. आगीत तारा जळाल्या होत्या, आज्ञा रेडिओने पाठवावी लागली. यान सुटलं आणि त्यानंतर दोनेक सेकंदांत रॉकेटचा स्फोट झाला. दोघे अंतराळवीर वाचले, पण अंतर किती थोडं होतं ते पाहा.

एमएस-१० ची कुपी मिळालेल्या वेगाने आणखी वर गेली, सुमारे ९३ किलोमीटरपर्यंत, आणि मग खाली पडू लागली. नेहमीच्या परतीपेक्षा हा मार्ग जास्त तीव्र. अंगावरचा भार ६.७ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ सातपट. पॅराशूट उघडलं आणि झेझकाझगान शहराच्या पूर्वेला साधारण २० किलोमीटरवर, प्रक्षेपणस्थळापासून सुमारे ४०० किलोमीटरवर कुपी टेकली. बचाव पथकं उड्डाणमार्गाखाली आधीपासून तैनात होती, त्यामुळे शोधात वेळ गेला नाही. 'झटपट पोहोचलो आपण' अशा अर्थाचं ओव्हचिनिन यांचं वाक्य त्या दिवशी जगभर गाजलं.

खरी अडचण

आता वरच्या तिघांकडे वळू.

सोयूझ यान स्थानकाला कितीही काळ जोडून ठेवता येत नाही. मर्यादा साधारण २०० दिवसांची. कारण तसं साधं आहे: परतीच्या कुपीची दिशा सांभाळणारे छोटे झोत हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात आणि हे रसायन टाकीत बसल्या बसल्या हळूहळू विघटित होत जातं. फार दिवस गेले तर वातावरणात शिरताना कुपी नीट धरून ठेवण्याची ताकद त्यात उरेल याची खात्री देता येत नाही.

६ जूनपासून २०० दिवस मोजले की २३ डिसेंबर येतो. पुढचं यान, एमएस-११, २० डिसेंबरला निघायचं ठरलेलं होतं. पण रॉकेटच बंद. चौकशी संपेपर्यंत सोयूझवर माणूस बसणार नाही, हे उघड होतं. चौकशी लांबली तर वरच्या तिघांनी स्थानकाला कुलूप लावून यायचं, आणि २ नोव्हेंबर २००० पासून एकही दिवस माणसाविना न राहिलेलं स्थानक रिकामं पडायचं.

हा पेच पहिल्यांदाच आला नव्हता. २४ ऑगस्ट २०११ ला प्रोग्रेस मालवाहू यान नेणारं सोयूझ-यू रॉकेट तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने कोसळलं, तेव्हाही स्थानक रिकामं करण्याची चर्चा झाली होती. त्या वेळी नोव्हेंबरच्या मध्यावर, बर्फवृष्टीत, पुढचे तिघे निघाले आणि वेळ निभावली. शटल तेव्हा नुकतंच बंद झालं होतं. २०१८ मध्ये त्याला सात वर्षं झाली होती आणि परिस्थिती तीच होती, याची नोंद घ्यायला हवी.

समोरचे पर्याय

एक, स्थानक रिकामं करणं. जमिनीवरून ते चालवता येतं. कक्षा, वीज, तापमान यांतलं बरंच काम नियंत्रण केंद्रंच करतात. प्रोग्रेस यानं आपोआप जोडली जातात. पण स्थानक ही दुरुस्तीवर जगणारी वस्तू आहे. २०१० च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा डिसेंबर २०१३ मध्ये बाहेरच्या शीतकरण यंत्रणेतला अमोनियाचा पंप बिघडला, तेव्हा अंतराळवीरांनी बाहेर जाऊन तो बदलला होता. घर रिकामं असताना असं काही झालं असतं तर दुरुस्तीला जाणार कोण? शिवाय त्या काळातली स्पेसएक्सची ड्रॅगन मालवाहू यानं स्थानकात बसलेल्या माणसाने यांत्रिक हाताने पकडावी लागत.

दोन, तिघांनाच वर थांबवणं. काही दिवस ताणता आले असते. त्यापुढचा प्रत्येक दिवस पेरॉक्साइडच्या भरवशावर. आणि होडीला ठिगळ लावलेलंच होतं.

तीन, एमएस-११ रिकामं पाठवणं. ताजं यान वर जाईल, जुनं सोडून द्यायचं, तिघांनी मुक्काम वाढवायचा. हा मार्ग अनोळखी नव्हता. एप्रिल १९७९ मध्ये सोयूझ-३३ च्या मुख्य इंजिनात बिघाड झाला, तेव्हा सॅल्यूत-६ या सोव्हिएत स्थानकावरच्या दोघांसाठी जूनमध्ये सोयूझ-३४ माणसाविना पाठवलं गेलं होतं. शिवाय रॉकेटची चाचणी जिवाच्या जोखमीविना होते. तोटा असा की तिघांचा सहा महिन्यांचा मुक्काम किती लांबेल ते सांगता येत नाही, आणि स्थानकावरची माणसं तीनच राहतात.

चार, चौकशी वेगाने उरकायची, मधल्या मालवाहू आणि उपग्रह उड्डाणांचा चाचणी म्हणून उपयोग करायचा आणि एमएस-११ माणसांसह, ठरलेल्या तारखेच्याही आधी पाठवायचं. म्हणजे जुने तिघे निघण्यापूर्वी नवे पोहोचतील.

चौथा पर्याय निवडला गेला. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी नासाचे तेव्हाचे प्रमुख जिम ब्रायडनस्टाइन यांनी मॉस्कोत पत्रकारांना सांगितलं होतं की डिसेंबरचं उड्डाण होईल अशी त्यांना अपेक्षा आहे. कारण अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. विश्वास दाखवणं राजनैतिकदृष्ट्या बरोबर असेल, पण चौकशी करणाऱ्यांच्या टेबलावर तारीख आधी पोहोचली आणि उत्तर नंतर, हे मला खटकतं.

चौकशी आणि कृती

चौकशी आयोगाचं काम तीन आठवड्यांत झालं. १ नोव्हेंबरला निष्कर्ष जाहीर झाले आणि सोबत रॉकेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रणही. त्यात बूस्टर सुटताना एका बाजूला झालेली धडक स्पष्ट दिसते. इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे हे बाहेर आलं, याचं श्रेय द्यायला हवं. वेग शक्य झाला कारण पुरावा मिळाला: दूरमापनाच्या नोंदी होत्या, चित्रण होतं आणि तुकडे माळरानावर पडले होते.

आता कृतीकडे. अपघातानंतर आणि एमएस-११ पूर्वी सोयूझ कुटुंबातली चार रॉकेटं उडाली: २५ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबरला रशियातल्या प्लेसेत्स्क तळाहून, ७ नोव्हेंबरला फ्रेंच गयानातल्या कुरूहून आणि १६ नोव्हेंबरला बैकोनूरहून. शेवटचं रॉकेट सोयूझ-एफजीच, प्रोग्रेस एमएस-१० हे मालवाहू यान घेऊन गेलेलं. चार उड्डाणं, प्रत्येकी चार बूस्टर. सोळाच्या सोळा नीट सुटले.

माध्यमांत या चार यशांना 'रॉकेट पुन्हा पारखलं' असं म्हटलं गेलं. या प्रकरणातला सगळ्यात फसवा टप्पा मला हाच वाटतो. एफजी प्रकार १७ वर्षं एकदाही न फसता उडत होता. रचना चालते हे आधीच सिद्ध होतं, त्यात सोळा सांध्यांनी फारशी भर पडत नाही. प्रश्न रचनेचा नव्हताच. कधीतरी, एखाद्या जुळणीत, एखाद्या हाताकडून पिन वाकते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, हा प्रश्न होता. इतक्या क्वचित घडणाऱ्या चुकीबद्दल सोळा यशस्वी सांधे जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

खरं काम करणारी कृती कमी गाजली. आधीच जुळवलेली रॉकेटं सोडवायची, बूस्टर पुन्हा काढून पुन्हा बसवायचे, संपर्क तपासायचे आणि जुळणी करणाऱ्यांची उजळणी घ्यायची. त्यात वेळ जातो, फोटो काढण्यासारखं काही नसतं, पण बिघाड जिथे शिरला तिथेच तो अडवला जातो. चार उड्डाणं झाली नसती आणि एवढंच झालं असतं, तरी मी एमएस-११ ला मान्यता दिली असती. उलट झालं असतं, म्हणजे उड्डाणं झाली आणि फेरजुळणी नाही, तर दिली नसती.

परिणाम

३ डिसेंबर २०१८ ला, मूळ तारखेच्या १७ दिवस आधी, ओलेग कोनोनेन्को, ॲन मॅक्लेन आणि डेव्हिड सँ-जाक एमएस-११ मधून निघाले आणि त्याच दिवशी पोहोचले. ११ डिसेंबरला कोनोनेन्को आणि प्रोकोपयेव्ह यांनी स्थानकाबाहेर जाऊन, पावणेआठ तास खपून, एमएस-०९ चं बाहेरचं आवरण कापलं आणि त्या भोकाची बाहेरची बाजू तपासली. सुरी आणि कात्री घेऊन यानाचं आवरण फाडण्याचं ते दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. २० डिसेंबरला गर्स्ट आणि दोघे सोबती उतरले, १९७ दिवसांनी. स्थानक एक दिवसही रिकामं राहिलं नाही.

एमएस-११ निघालं त्याच आठवड्यातली आणखी एक घटना इथे सांगावीशी वाटते. ५ डिसेंबरला फ्लोरिडाहून स्पेसएक्सचं फाल्कन-९ रॉकेट याच स्थानकासाठी सामान घेऊन उडालं. ड्रॅगन यान व्यवस्थित पोहोचलं. परतणारा बूस्टर मात्र खाली येताना गरगरू लागला, कारण त्याचे जाळीदार पंख फिरवणारा हायड्रॉलिक पंप अडकला होता. तो किनाऱ्यावरच्या उतरणतळावर न येता समुद्रात टेकला. हे अपघातानेच झालं असं नाही. परतणाऱ्या बूस्टरचा नेम सुरुवातीला मुद्दामच पाण्यावर धरलेला असतो आणि सगळं ठीक असेल तरच शेवटी जमिनीकडे वळवला जातो. पंप एकच होता, त्याला जोडीदार नव्हता. कंपनीच्या प्रमुखांनी तेव्हा जाहीरच सांगितलं की बूस्टर उतरवणं हे मोहिमेच्या यशासाठी निर्णायक मानलेलं नाही, जमिनीवरच्यांची सुरक्षितता निर्णायक मानलेली आहे.

दोन्ही ठिकाणी एक छोटा भाग बिघडला आणि दोन्ही ठिकाणी माणसाला इजा झाली नाही. फरक आहे तो बिघाडानंतर वस्तू कुठे जाते यात. फाल्कनचा बूस्टर काही न करता राहिला तर पाण्यात जातो, म्हणजे सुरक्षित बाजूला. सोयूझच्या बूस्टरला संकेत मिळाला नाही तर झाकण बंद राहतं आणि नाक मधल्या टप्प्यावर, म्हणजे धोक्याच्या बाजूला. मग सगळा भार सुटका यंत्रणेवर येतो.

हेग आणि ओव्हचिनिन यांना १४ मार्च २०१९ ला एमएस-१२ मध्ये पुन्हा जागा मिळाली, सोबत क्रिस्टिना कोक. तोच तळ, तोच रॉकेटचा प्रकार. पावणेसहा तासांत ते स्थानकाला जोडले गेले. हेग यांच्यासाठी राखलेलं बॅटऱ्या बदलण्याचं काम दरम्यान तसंच पडून होतं, ते त्यांनी मार्चअखेर दोन वेळा बाहेर जाऊन केलं.

काय वेगळं करता आलं असतं

रचनेबद्दल पहिला विचार कुणाच्याही मनात येईल: संकेत आला नाही तर ठराविक क्षणी झाकण आपोआप उघडावं. सुचायला सोपं, पण झाकण जरा लवकर उघडलं आणि बूस्टर अजून खोबणीतच असेल तर तोच धक्का रॉकेटला आडवा बसेल. पिन 'आता मी सुटले' असं सांगते, घड्याळाला ते कळत नाही. म्हणून मी रचना बदलण्यापेक्षा जुळणीनंतरच्या तपासणीकडे बोट दाखवेन. पिन वाकली हे समजण्यासारखं आहे. वाकलेली पिन घेऊन रॉकेट जुळणीच्या दालनातून बाहेर पडलं, पटांगणावर उभं राहिलं आणि वाटेतल्या एकाही सहीने ते अडलं नाही, हे समजायला कठीण आहे.

दुसरी गोष्ट फौजदारी गुन्ह्याची. अपघातानंतर लगेच रशियात गुन्हा नोंदवून तपास सुरू झाला. हलगर्जीपणाला जाब विचारू नये असं कुणी म्हणणार नाही. पण कल्पना करा, उद्या जुळणी करताना एखाद्याला गोळा खोबणीत नेहमीपेक्षा घट्ट बसतोय असं जाणवलं. तो थांबून वरिष्ठांना सांगेल की गप्प राहील? 'चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही' एवढी खात्री त्या दालनात असेल, तर तिथली दोन वाक्यं आयोगाच्या तीन आठवड्यांपेक्षा जास्त कामाची ठरतात. तंत्रज्ञांची ओळख या लेखात शोधली नाही, ती त्यामुळेच.

तिसरी गोष्ट पर्यायांची. मला विचाराल तर तिसरा पर्याय, रिकामं यान पाठवण्याचा, अधिक गांभीर्याने तोलायला हवा होता. चौथा यशस्वी झाला म्हणून तो आज शहाणपणाचा वाटतो. चौकशीत आणखी दोन आठवडे गेले असते, किंवा फेरजुळणीत दुसरं काही सापडलं असतं, तर हातात काहीच राखलेलं नव्हतं. त्याच वेळी हेही मान्य करतो की रिकाम्या यानाची किंमत वर बसलेल्या माणसांना मोजावी लागते.

ती किंमत किती, हे पुढे दिसलं. डिसेंबर २०२२ मध्ये सोयूझ एमएस-२२ चं शीतद्रव अवकाशात गळून गेलं आणि ते यान परतीसाठी नाकारलं गेलं. या वेळी खरोखरच रिकामं यान पाठवलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये, एमएस-२३. वर अडकलेले तिघे सहा महिन्यांसाठी गेले होते. त्यांत २०१८ च्या डिसेंबरात भोक तपासायला यान फाडणारे प्रोकोपयेव्हही होते. ते आणि त्यांचे सोबती ३७१ दिवसांनी घरी आले.